पोळ्यातील घराचे माप

इ. स. १८५७ मध्ये ऱ्हाइनकाठच्या मुलखातील फ्रांकेन्टाल या गावी योहानेस मेरिंग नावाच्या, सुतारकामात निष्णात अशा एका मधपाळाने षट्कोनी ठसे असलेल्या साच्यात मेणाचा पातळ पत्रा दाबून काढला आणि तो आपल्या पेटीतील माश्यांच्या स्वाधीन केला. माश्यांनी त्या ठशांच्या रेषांवर आपल्या भिंती चढविल्या आणि साच्याचे माप मुकाट्याने मान्य केले. तोवर टोपली, मडके, पोखरलेला ओंडका, भिंतीतील कोनाडा, असे कोणतेही निवासस्थान मनुष्याने माशीला दिले, तरी आत कोणते घर किती रुंद बांधावयाचे हा अधिकार निरपवादपणे तिचा असे. मेरिंगच्या साच्याने तो मनुष्याच्या हाती आला. पुढे कधी हे माप वाढविण्यात आले, कधी घटविण्यात आले, तर कधी साचाच बाजूला सारून माशीला तिच्या मर्जीप्रमाणे बांधू द्यावे असा आग्रह धरण्यात आला; आणि प्रत्येक वेळी त्या मापावर मोठमोठ्या आशा बांधल्या गेल्या. त्या आशांपैकी पुष्कळशा निष्फळ ठरल्या हे खरे. तथापि त्यांच्या पाठपुराव्यात माशीविषयी जे ज्ञान हाती आले, ते आपल्या सह्याद्रीतील सातेरी माशी पाळणाऱ्यांच्याही उपयोगाचे आहे, आणि म्हणून हा वृत्तांत सविस्तर सांगण्याजोगा वाटतो.

साच्याशिवाय पोळे कसे बांधले जाते हे आधी पाहिले पाहिजे. रिकाम्या चौकटीच्या वरच्या पट्टीला माश्या एकमेकींच्या पायांना पाय गुंतवून लोंबू लागतात आणि त्यांच्या साखळ्यांची एक झालरच तयार होते. तरुण कामकरी माशीच्या उदराखालील चार जोड ग्रंथींतून मेणाचे अभ्रकासारखे पापुद्रे पाझरतात. मागच्या पायाने ती पापुद्रा ओढून काढते, पुढच्या पायांनी तोंडाशी नेते, जबड्यात मळते आणि पट्टीला चिकटविते. असे सुमारे हजार-अकराशे पापुद्रे जमतात तेव्हा कोठे एक ग्रॅम मेण होते. या मेणातून उभ्या राहणाऱ्या भिंतीची जाडी मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही कमी असते, आणि घराचे तोंड किंचित वरच्या अंगाला कललेले असते, जेणेकरून पातळ मकरंद बाहेर ओघळू नये. ताजे पोळे उन्हासमोर धरून पाहिले म्हणजे ध्यानात येते, की एका बाजूच्या घराचा तळ हा दुसऱ्या बाजूच्या तीन घरांच्या तळांनी मिळून झालेला आहे. परंतु त्याच वेळी दुसरीही गोष्ट दिसते, आणि ती पोथीतल्या वर्णनांत सहसा येत नाही: ही सगळी घरे एका मापाची नसतात. कामकरी माश्यांची घरे लहान, नरांची मोठी. या दोहोंच्या सीमेवर ना लहान ना मोठी अशी वाकडीतिकडी संधिघरे. वरच्या भागातील मधाची घरे खोल. आणि ज्यात पिलांच्या अनेक पिढ्या निपजल्या त्या जुन्या पोळ्याची घरे आतल्या कोशांच्या अस्तरांनी आकसलेली. राणी अंडे घालण्यापूर्वी घराच्या तोंडाशी पुढचे पाय लावून त्याची रुंदी अजमावते, आणि त्यावरूनच फलित अंडे घालून कामकरी निपजवावयाची की अफलित घालून नर, हे ठरते. म्हणजे घराचे माप हा केवळ स्थापत्याचा प्रश्न नव्हे, वसाहतीच्या प्रजेचा समतोलच त्यावर अवलंबून असतो.

पूर्वीच्या विद्वानांचे लक्ष मात्र या विविधतेपेक्षा पोळ्याच्या एकरूपतेवर खिळलेले होते. रोमन पंडित व्हारो याने ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकात आपल्या कृषिविषयक ग्रंथात षट्कोनी घराची मीमांसा केली. अलेक्झांड्रियाच्या पापुसने, कमीत कमी मेणात अधिकात अधिक जागा मिळविण्याची युक्ती म्हणून त्याचे गणिती कौतुक केले. आणि १७१२ साली पॅरिसच्या वेधशाळेतील माराल्डी याने तळाच्या समभुज पाकळ्यांचे कोन १०९ अंश २८ मिनिटे व ७० अंश ३२ मिनिटे असे दिल्यापासून तर गणितज्ञांना या विषयाचा छंदच जडला. माशीचे घर सर्वत्र सारखेच असणार या समजुतीने, गावोगावी बदलणाऱ्या गज-हातांच्या गोंधळातून सुटण्यासाठी त्यालाच लांबीचे सार्वत्रिक प्रमाण मानावे अशीही सूचना फ्रान्सात थेव्हनो याने केली होती. ती अमलात आली नाही हे बरेच झाले. कारण पुढे इंग्लंडात थॉमस विल्यम कोवन याने काळजीपूर्वक मोजणी केली, तेव्हा कामकरी माशीच्या ओळीने दहा घरांची लांबी कोठे १.८६ इंच, तर कोठे २.११ इंच भरली. सरासरी घर इंचाच्या पंचमांशाचे, ही त्याची नोंद पुढे कारखानदारांना सोयीची वाटली. सरासरीच्या दोन्ही अंगांना पसरलेला फरक मात्र बहुतेकांनी दृष्टीआड केला.

मेरिंगचा साचा एकटाच आला असता तर तो कदाचित कुतूहलाची वस्तू म्हणून राहिला असता. परंतु १८५१ साली फिलाडेल्फियात लँगस्ट्रॉथ या धर्मोपदेशकाने, माश्या जी मेणाने भरत नाहीत की डिंकाने बुजवीत नाहीत अशी पाव ते तीन-अष्टमांश इंचाची फट हेरली, आणि त्या फटीच्या आधारावर सहज उचलता येणाऱ्या चौकटींची पेटी सिद्ध केली. १८६५ साली फ्रान्झ फॉन ह्रुश्का याने पोळे न पिळता ते फिरवून मध काढण्याचे यंत्र पुढे आणले. आणि १८७६ च्या सुमारास अमेरिकेतील ओहायो प्रांतात मेडिना येथे ए. आय. रूट याने कारागिराकडून ठसेदार रूळ घडवून घेऊन मेणाचे पत्रे वारेमाप काढावयास आरंभ केला. चौकट, यंत्र व पत्रा ही तिन्ही एकमेकांना पूरक ठरली. पत्र्यामुळे पोळे चौकटीत सरळ येई, यंत्रात फिरविताना फाटत नसे, आणि एक किलो मेण करण्यासाठी माश्यांना सहा ते आठ किलो मध खर्ची घालावा लागतो असा जो सर्वसाधारण अंदाज आहे, तो पाहता हा खर्चही वाचे. सर्वांत मोठा लाभ, निदान त्या काळच्या हिशेबाने, असा की पत्र्यावर सर्वत्र कामकरी माशीचेच ठसे असल्यामुळे आयते खाणाऱ्या नरांची पैदास घटे. न्यूयॉर्क राज्यातील रानात झाडांच्या ढोलींतील पोळी पुढे अभ्यासकांनी कापून मोजली, तेव्हा त्यांत सुमारे १७ टक्के भाग नरांच्या घरांचा आढळला. माशी स्वेच्छेने नरांसाठी एवढी तरतूद करते, आणि साच्याने तिच्या या अंदाजपत्रकाला सरळ कात्री लावली होती.

अधिकार हाती आला की तो वापरण्याचा मोह होतोच. बेल्जियममध्ये १८९१ च्या सुमारास चौरस डेसिमीटरला, दोन्ही बाजू धरून, ९२० घरे असलेला पत्रा प्रचारात आला. थोड्या जागेत अधिक प्रजा वाढेल ही त्यामागील कल्पना. माश्या खुज्या निपजू लागल्या अशी तक्रार झाली, आणि १८९३ मध्ये उर्समार बोडू या मधपाळाने उलट दिशा धरली. मोठे घर, मोठी माशी, मोठी मधपिशवी, लांब जीभ, आणि म्हणून ज्याचा मकरंद आखूड जिभेला पोहोचत नाही अशा तांबड्या क्लोव्हर गवताचाही मध, अशी त्याची विचारसरणी होती. त्याने घरांची संख्या साडेसातशेवर आणि पुढे त्याहूनही खाली आणली. त्याच्या मतांना युरोपात अनुयायी मिळाले आणि रुंद ठशांचे पत्रे कारखान्यांतून निघू लागले. मोठ्या घरातून किंचित मोठी माशी निघते एवढे बोडूचे म्हणणे खोटे नव्हते. १९३१ मध्ये अमेरिकेत आयोवा येथे रॉय ग्राउट याने केलेल्या मोजणीतही तसे आढळले. परंतु घर ज्या प्रमाणात वाढविले त्या प्रमाणात माशी मुळीच वाढत नाही, आणि मोठी माशी हटकून अधिक मध आणते हे सिद्ध करणे तर त्याहून अवघड. या चळवळीचा टिकाऊ परिणाम एवढाच, की व्यापारी पत्र्यावरील घर ५.४ मिलिमीटरच्या आसपास स्थिरावले आणि पाश्चात्त्य मधपाळाला तेच माशीचे स्वाभाविक माप वाटू लागले.

हिंदुस्थानात हा सारा सरंजाम आला तो एका निराळ्या माशीच्या देशात. डाक-तार खात्यातील डग्लस नावाच्या अधिकाऱ्याने १८८४ साली कलकत्त्यास मधुमक्षिकापालनाची हस्तपुस्तिका प्रसिद्ध केली खरी, पण बंगाल व पंजाब इलाख्यांतील ते आरंभीचे प्रयत्न रुजले नाहीत. त्याचे एक मोठे कारण मापात होते असे मला वाटते. आपली सातेरी युरोपीय माशीहून लहान. तिची वसाहत लहान. दोन पोळ्यांमधील अंतर तिला सव्वा इंच पुरते, तर युरोपीय माशीला एक पूर्णांक तीन-अष्टमांश इंच लागते. आणि मैदानी व दक्षिणी मुलखात तिच्या कामकरीची घरे इंचाला सहाच्या घरात भरतात, म्हणजे एकेक घर सव्वाचार मिलिमीटरचे. लँगस्ट्रॉथच्या साडेसतरा इंचांहूनही लांब चौकटीत तिला घालणे म्हणजे एका बिऱ्हाडाला सरदाराचा वाडा देण्यासारखे होते. पत्र्याची अडचण त्याहून सूक्ष्म. युरोपीय कामकरीचे घर हे सातेरीच्या नराच्या घराच्या मापाशी जाऊन भिडते. तेव्हा विलायती पत्रा तिच्यापुढे ठेवला तर कामकरीची वाढ व्हावी म्हणून दिलेले घर तिच्या लेखी कामकरीचे उरतच नाही, आणि राणीने पुढच्या पायांनी केलेली मोजणी मधपाळाच्या हेतूच्या नेमकी उलट पडते.

ही गोष्ट ज्याने ओळखली तो रेव्हरंड न्यूटन. त्रिचनापल्लीच्या या धर्मोपदेशकाने १९१० च्या सुमारास दक्षिणी माशीच्या आकारमानाला साजेल अशी आखूड चौकटींची सुटसुटीत पेटी तयार केली आणि पुढील काही वर्षे खेडोपाडीच्या लोकांना तीवर शिकविले. लांबीने आठ इंचांच्या आसपास आणि उंचीने सहा इंचांच्या आत असलेली तिची चौकट पाहिली म्हणजे तिच्यामागील नम्रता जाणवते. तीत विलायती नमुन्याची घटवलेली नक्कल नाही, इथल्या माशीची मोजदाद आहे. १९२४ पासून स्पेन्सर हॅच यांनी त्रावणकोरातील मार्तंडम येथे याच धर्तीवर काम उभारले. १९२८ साली शेतकी रॉयल कमिशनने या धंद्याची कुटिरोद्योग म्हणून शिफारस केली. उत्तरेकडे नैनितालजवळ ज्योलीकोट येथे मुट्टू यांनी डोंगरी माशीसाठी वेगळी, अधिक मोठी पेटी प्रचारात आणली. पुढे भारतीय मानकांतही सातेरीसाठी पेटीचे दोन वेगळे प्रकार मान्य करावे लागले, कारण हिमालयाच्या उतारावरील सातेरी आणि मैदानी सातेरी ही एकाच जातीची भावंडे असली, तरी पहिलीचे घर पावणेपाच मिलिमीटरच्याही पुढे जाते. एकाच देशात, एकाच जातीत, एवढे अंतर!

आपल्याकडे सह्याद्रीत हा इतिहास थोडा उशिरा सुरू होतो. त्याआधी मध हा रानातून आणावयाचा जिन्नस होता. झाडाच्या ढोलीतील किंवा कड्याच्या कपारीतील मोहोळ धूर करून उठवावयाचे, पोळे कापून पिलांसकट पिळावयाचे, मध गाळून मेण कढवावयाचे, असा दस्तूर. जंगलखात्याच्या दफ्तरी मध व मेण ही गौण उपज म्हणून मक्त्याने दिली जाई. मक्तेदाराला वसाहत वाचते की मरते याच्याशी कर्तव्य नसे. स्वातंत्र्याच्या आगेमागे ग्रामोद्योगाच्या चळवळीतून महाबळेश्वरच्या परिसरात पेट्या ठेवण्याची पद्धत रुजली, आणि जांभूळ, हिरडा, गेळा, पिसा यांच्या बहरावर, आणि सातेक वर्षांनी एकदा फुलणाऱ्या कारवीच्या बहरावर तर विशेषच, त्या पेट्या भरू लागल्या. १९६२ साली पुण्यास खादी-ग्रामोद्योग आयोगाची केंद्रीय मधमाशी संशोधन संस्था निघाली. महाबळेश्वरी राज्याच्या खादी व ग्रामोद्योग मंडळाचे मध संचालनालय आहे. आणि तेथून जवळचे मांघर हे २०२२ साली देशातील पहिले ‘मधाचे गाव’ म्हणून जाहीर झाले. या परंपरेतील जुन्या मधपाळांना पत्र्याशिवाय काम करण्याचे भय वाटत नसे. चौकटीच्या वरच्या पट्टीला मेणाची एक बोटभर रेघ ओढली किंवा पत्र्याची अरुंद पट्टी चिकटविली, की सातेरी तेथून खाली पोळे सोडते, हे त्यांना अनुभवाने ठाऊक होते. सातेरीला ताज्या मेणाची आवडही युरोपीय माशीपेक्षा अधिक; काळवंडलेले जुने पोळे ती कुरतडून खाली पाडते आणि नवे बांधते. अशा माशीला वर्षानुवर्षे टिकणारे मजबूत पोळे देण्याचा विलायती आग्रह आपल्याकडे पूर्णपणे लागू पडत नाही.

आता या कथेतील सर्वांत अलीकडचे व सर्वांत वादग्रस्त प्रकरण. १९०४ साली औडेमान्स या डच शास्त्रज्ञाने जावा बेटातील सातेरीच्या जातभाईवर सापडलेल्या एका तांबूस कोळीकिड्याचे वर्णन केले आणि त्या प्राचीन व्हारोच्या स्मरणार्थ त्याला व्हारोआ हे नाव दिले. आशियाई माशी आणि तिच्यावरील किडे यांचा सलोखा पुरातन होता. युरोपीय माशी आशियात आणली गेल्यावर विसाव्या शतकात व्हारोआपैकी एका जातीने तिच्यावर मुक्काम हलविला आणि जगभर वसाहतींचा संहार मांडला. १९८७ मध्ये तो अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत आढळला. औषधांनी किडा मरेना, उलट औषधांना सरावला, तेव्हा ॲरिझोनातील टूसॉन येथील एड व डी लस्बी या दांपत्याने असे प्रतिपादन केले, की बोडूच्या काळापासून घरे फुगविल्यामुळेच माशी दुबळी झाली असून तिला ४.९ मिलिमीटरच्या घरावर परत नेले तर ती निरौषध जगेल. या प्रतिपादनाला सकृद्दर्शनी आधारही होता. घर लहान असले की कोशातील पिलू ते पुरते भरून टाकते, किड्याच्या मादीला व तिच्या पिलांना वावरावयास जागा उरत नाही, अशी उपपत्ती मांडली गेली; आणि ब्राझीलमधील आफ्रिकी वंशाच्या माश्यांच्या पोळ्यांत मोठ्या घरांत किडे अधिक शिरतात असे १९९५ साली मेसेज व गोन्साल्व्हिस यांनी दाखविले होते. शेकडो मधपाळांनी आपल्या माश्या टप्प्याटप्प्याने लहान घरावर उतरविल्या. त्यांची तळमळ खरी होती याविषयी मला शंका नाही; विषाशिवाय माशी जगावी या इच्छेत वावगे ते काय?

परंतु इच्छेला प्रमाण मानता येत नाही. न्यूझीलंड, फ्लॉरिडा, जॉर्जिया, आयर्लंड, न्यूयॉर्क, अशा निरनिराळ्या ठिकाणी २००८ ते २०११ या काळात जे प्रयोग प्रसिद्ध झाले, त्यांत लहान घरांच्या वसाहतींत किडे कमी आढळले नाहीत. जॉर्जियात तर काही मोजण्यांत ते अधिकच भरले. थॉमस सीली व ग्रिफिन यांनी ५.४ व ४.८ मिलिमीटरची पोळी जोडीजोडीने ठेवून संपूर्ण उन्हाळाभर गणती केली, तेव्हाही भेद दिसला नाही. घर लहान झाले की माशीही थोडी लहान होते, आणि अपेक्षित दाटी तितकीशी होत नाही, हे या अपयशाचे एक कारण दिसते.

आणि मग सातेरी व्हारोआला कशी पुरून उरते? तिचे घर लहान म्हणून नव्हे. तिच्या वसाहतीत हा किडा मुख्यतः नरांच्या घरातच प्रजोत्पादन करू शकतो, आणि नर हे वर्षातून थोडेच दिवस वाढविले जातात. ज्या नराच्या कोशात अनेक किडे शिरले त्याची कठीण टोपी फोडण्याइतके त्राण त्यास उरत नाही, कामकरीही ती उघडीत नाहीत, आणि किडे त्याच्यासह आत गाडले जातात. शिवाय कामकरी माश्या स्वतःच्या व परस्परांच्या अंगावरील किडे शोधून जबड्यात चिरडतात. हे शहाणपण वर्तनात आहे; ते हजारो पिढ्यांच्या सहवासातून आलेले असून कोणत्याही रुळाने मेणावर उमटविता येणारे नाही.

म्हणून नैसर्गिक पोळ्याचा पक्ष फेटाळावा काय? मला तसे वाटत नाही. फक्त त्याचे समर्थन खऱ्या कारणांवर झाले पाहिजे. फ्रान्समध्ये आबे वारे याने आपल्या लोकपेटीत पत्र्याशिवाय नुसत्या पट्ट्यांवर पोळी बांधू दिली, ती गरिबाला परवडावी म्हणून. केनियातील पट्ट्यांची पेटीही त्याच विचारातून आली. आणि त्याच्या कितीतरी आधी, सतराव्या शतकात, जॉर्ज व्हीलर या प्रवाशाने ग्रीस देशात वेताच्या टोपल्यांवर अशाच पट्ट्या ठेवून पोळी उचलण्याची रीत पाहून लिहून ठेवली होती. आज या पद्धतीला आणखी एक सबळ कारण मिळाले आहे. किडा मारण्यासाठी पेटीत घातलेली औषधे मेणात मुरतात, ते मेण कारखान्यात वितळून पुन्हा पत्रा होतो, आणि विषाचा अंश एका पेटीतून दहा पेट्यांत फिरत राहतो. मेणात स्वस्त पॅराफिनची भेसळ होते ती वेगळीच. माशीने स्वतःच्या उदरातून काढलेले मेण या फेऱ्यातून सुटलेले असते. नरांना योग्य वाटा मिळतो हाही लाभच आहे, कारण जातिवंत राण्यांच्या मिलनासाठी सुदृढ नर पुरेसे असणे अगत्याचे असते.

आपल्याकडील परिस्थितीत या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. १९६० नंतर नगरोटा येथून अटवाल यांच्या प्रयत्नांनी युरोपीय माशी पंजाबात स्थिरावली, १९९० नंतर विषाणुजन्य थाई सॅकब्रूड रोगाने दक्षिणेतील सातेरीच्या वसाहती मोठ्या प्रमाणात नष्ट झाल्या, आणि बाजारात पेट्या व पत्रे हळूहळू युरोपीय मापाचेच अधिक दिसू लागले. सातेरीसाठी म्हणून मिळणारा पत्राही कोणत्या मुलखातील सातेरीच्या मापाचा आहे, याची चौकशी क्वचितच केली जाते.

तेव्हा सातेरी पाळणाऱ्या बंधुभगिनींना माझी विनंती आहे. पिलांच्या कप्प्यातील निदान एक चौकट पत्र्याशिवाय द्यावी. तीवर बांधल्या गेलेल्या पोळ्याच्या मध्यभागी कामकरीची ओळीने दहा घरे, तिन्ही दिशांनी, मोजपट्टी लावून मोजावी. गाव, समुद्रसपाटीपासूनची उंची व ऋतू यांसह ते आकडे वहीत टिपून ठेवावेत. आणि पत्रा मागविणे प्राप्तच असेल तर व्यापाऱ्याकडे त्या मापाचा मागावा, आणि त्या मापाचा मिळत नसेल तर नुसत्या मेणाच्या रेघेवर भागवावे.